बीपीच्या गोळीवर हे चालेल ना?

आमच्या काउंटरवर दिवसभरात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "बीपीच्या गोळीवर हे चालेल ना?" कुणी शुगरच्या गोळीबद्दल विचारतं, कुणी दोन्हींबद्दल. विचारणाऱ्याचा एक पाय पायरीवर असतो, बाहेर रिक्षा उभी असते आणि डोळे मोबाइलवर. त्याला विचारायचं असतं असं मला वाटत नाही. त्याला 'चालेल' हा शब्द ऐकून निघायचं असतं. कितीतरी वर्षं मी तो शब्द सुट्या पैशांबरोबर देत आलो.

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये माझं मेडिकल आहे. दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असं मला सांगण्यात आलं. गमती आहेत, एखादी सांगेनही. पण कागद पुढे घेतल्यावर आधी आठवली ती भीती. ती आता माझ्याबरोबर सकाळी शटर वर करते आणि रात्री खाली ओढते. ती कुठून आली तेच लिहितो. त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे चिठ्ठी वाचून फळीवरून डबी काढणं वाटतं. पण शुगर आणि बीपी हे दोन आजार बहुतेक वेळा जोडीनं येतात आणि आले की घरच्यासारखे राहतात. मग एका माणसाच्या पोटात रोज मूठभर गोळ्या जातात. प्रत्येक गोळी आपापल्या जागी गुणाची. अडचण त्या एकत्र आल्यावर होते. उतारावरून जाणाऱ्या रिक्षाला एकानं मागून हात लावला तर ठीक, दुसऱ्यानंही येऊन जोर लावला तर ती सुटते. काही गोळ्या असा जोर लावतात. काही गोळ्या दुसऱ्या गोळीला शरीरातून बाहेर पडू देत नाहीत, मग आजची गोळी उद्याच्या गोळीला भेटते. आणि काही गोळ्या धोक्याची घंटा वाजू देत नाहीत. मला सगळ्यात जास्त भीती या शेवटच्या प्रकाराची वाटते.

हे सगळं कळण्याची जागा कुठली? बीपी-शुगरचे डॉक्टर वेगळे, सर्दी-तापाचे वेगळे, दातांचे वेगळे. पेशंट प्रत्येकाला सांगतो, "बीपी-शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये आहे." कशानं कंट्रोलमध्ये आहे, ते त्या वाक्यात येत नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या जिथे एकत्र येतात, अशी जागा एकच उरते. मेडिकलवाला.

मी धंदा शिकलो उल्हासनगरच्या कॅम्पात, एका सिंधी शेठच्या दुकानात. पट्टीचा फाटका तुकडा, त्यावर नावाची दोन अक्षरं, एवढ्यावरून शेठ औषध ओळखायचे. नाव सांगता येत नाही म्हणून गिऱ्हाइकाला खाली बघावं लागायच्या आत पुडी हातात. तिथे एक सिंधी आंटी यायच्या. त्या नवऱ्याची बीपीची गोळी स्वतः घ्यायच्या, आणि तीही हिशेबानं.

"बहू से झगड़ा हुआ तो आधी," त्या मला सांगत होत्या, "बहू की माँ आयी तो पूरी."

शेठनी गल्ल्यावरून विचारलं, "और बहू कौन सी गोली खाती है?"

"वो? वो मेरा दिमाग खाती है."

सगळे हसलो. मीही हसलो आणि पट्टी कापून दिली. आंटींना शुगर होती. नवऱ्याची गोळी त्यांना सोसते का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. नंतर मी तसं काही बोलू लागलो, तेव्हा शेठनी मला बाजूला घेतलं. "साईं, गिराहक को डराने का नहीं. डरा हुआ आदमी दवाई छोड़ देता है, नहीं तो दुकान छोड़ देता है." हे बोलणं मी गाठीशी बांधलं आणि बदलापूरला स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा बरोबर घेऊन आलो.

आता जगताप काकांबद्दल.

काका मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, टर्नर म्हणून. निवृत्त झाल्यावर कात्रपला आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. लेथवर आयुष्य गेल्यामुळे प्रत्येक वस्तू बोटांत धरून तिचं माप घ्यायची सवय. गोळीसुद्धा.

"विनायक, ही मागच्यापेक्षा बारीक वाटते. कंपनीनं कट जास्त मारला काय?"

"काका, औषध तेवढंच आहे. वरची पावडर कमी केलीय."

"म्हणजे फिनिशिंगमध्ये मटेरियल वाचवलं. आमच्याकडे लेथवरून असा जॉब उतरला तर परत पाठवायचे."

त्यांचे बीपी-शुगरचे डॉक्टर अंबरनाथला. शुगरची ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन, आणि छातीचे ठोके आवरणारी मेटोप्रोलोल. नावं लक्षात ठेवू नका. पहिली गोळी शुगर खाली ओढते आणि तिसरी ठोके वाढू देत नाही, एवढं पुरे. शिवाय गुडघ्यासाठी अधूनमधून दुखण्याची गोळी. ती माझ्याकडूनच, चिठ्ठीशिवाय. कारण काका म्हणायचे, "बीपीच्या गोळीवर चालेल ना?" आणि मी म्हणायचो, "चालेल." त्या गोळ्या बीपीच्या औषधाबरोबर सतत घेतल्या तर किडनीवर ताण येतो, हे मला माहीत होतं. अधूनमधून म्हणजे सतत नव्हे, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती.

गणपती जवळ आले होते. काकांना लघवीला जळजळ सुरू झाली. त्यासाठी अंबरनाथपर्यंत कोण जाणार, म्हणून ते कात्रपमधल्याच डॉक्टरांना दाखवून आले. चिठ्ठीवर सल्फाच्या जातीची एक जुनी, स्वस्त, गुणकारी गोळी होती. काकांनी चिठ्ठी काचेवर ठेवली.

"बीपी-शुगरवर चालेल ना रे?"

मी एका हातानं फोन कानाला लावला होता, मालाचा माणूस समोर बिल धरून उभा होता. मी पट्टी काढली, कात्री चालवली आणि म्हणालो, "चालेल काका. पाणी भरपूर प्या."

मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला माहीत होतं. शिकताना हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. ही सल्फाची गोळी शुगरच्या त्या गोळीचा जोर वाढवते. आणि बीपीची ती गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम चढवते, त्यानं हृदयाची लय बिघडू शकते. पण माहिती डोक्यात कुठेतरी मागच्या फळीवर होती आणि 'चालेल' जिभेवर. जिभेवरचं आधी बाहेर पडलं.

काही दिवसांनी संकष्टी आली. काका संकष्टी कडक करायचे. दिवसभर बिनसाखरेचा चहा, चंद्र दिसला की जेवण. दुपार उलटून गेल्यावर जगताप काकू दुकानात आल्या. बाहेर पाऊस होता आणि त्यांनी छत्री आणली नव्हती.

"विनायक, ह्यांच्या बीपीची एक गोळी दे, जादाची. घरातल्या संपल्यात. बीपी वाढलंय ह्यांचं."

"मोजलं का?"

"मोजायला काय पाहिजे? घामानं बनियन पिळून निघालीय. आणि माझ्यावर खेकसतायत. मला म्हणाले, हेल्पर, मशीन बंद कर. मला. हेल्पर."

बोलता बोलता माझा हात फळीकडे गेला होता. टेल्मिसार्टनची पट्टी मी काढलीही. काकू पुढे बोलत होत्या.

"आधी मला वाटलं शुगर उतरली की काय. पण डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं. शुगर उतरली तर हात कापतात, छातीत धडधडतं. ह्यांचे हात बघितले मी. एकदम स्थिर. नाडीसुद्धा शांत. म्हटलं, मग बीपीच."

पट्टी माझ्या हातात तशीच राहिली. हात का कापत नव्हते ते मला कळलं. ठोके आवरणाऱ्या गोळीनं घंटा बंद करून ठेवली होती. शुगर उतरताना जी धडधड माणसाला सावध करते, ती त्या गोळीखाली दबते. एक घाम तेवढा दबत नाही. घाम येत होता.

"काकू, आज संकष्टी ना? सकाळची शुगरची गोळी घेतली त्यांनी?"

"घेतली की. उपास असला तरी गोळी पाण्याबरोबर चालते, असं तूच सांगितलं होतंस."

असं मी कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही. पण सांगितलं असणार. तो शब्द माझाच होता.

"आणि जळजळीची?"

"ती पण घेतली. आता बरं आहे त्यांना लघवीचं."

शुगर तपासायचं मशीन घेऊन मी धावलो. दुकान उघडंच राहिलं. 

काका गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. डोळे उघडे, पण कशावर नव्हते. कपाळावरचा घाम भुवयांवरून खाली येत होता. मी बोटाला सुई टोचली तर त्यांनी हात ओढलाही नाही. मशीनवर आलेला आकडा सांगत नाही. एवढंच सांगतो की तसा आकडा दिसल्यावर पहिल्यांदा मला मशीन बिघडलंय असं वाटलं, कारण ते बिघडलेलं असावं अशीच माझी इच्छा होती.

"काकू, साखर आणा. पाण्यात घोळून. लवकर."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "साखर? ह्यांना?"

"काकू, आणा."

"अरे, डायबेटिस आहे त्यांना. घरात साखर दिसू देत नाही मी. तू मेडिकलवाला असून..."

त्यांचा दोष नव्हता. इतकी वर्षं या बाईनं त्या घरात साखरेवर पहारा केला होता. चहाच्या डब्यांमागे, पिठाच्या डब्यात, जागा बदलून बदलून ती लपवली होती. आणि तीच साखर मी मागत होतो. शेवटी मीच स्वयंपाकघरात शिरलो आणि डबे उघडू लागलो. डाळ, रवा, शेंगदाणे. साखर सापडेना. मागून काकूंचा आवाज आला, "खालच्या फळीवर, रांगोळीच्या डब्यात," आणि त्या रडू लागल्या.

काका गिळत होते, हे नशीब. शुद्ध गेलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नसतं. मी पेला ओठांना लावला. त्यांचे दात काचेवर वाजले. त्यांनी तोंड बाजूला केलं आणि अगदी स्पष्ट विचारलं, "चंद्र दिसला का?"

"दिसला काका," मी म्हणालो. बाहेर भरदिवसाचा पाऊस होता.

"मग दे."

थोड्या वेळानं त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. "तू इथं काय करतोयस? दुकान कोण बघतंय?"

काकू पदरानं डोळे पुसत हसल्या. त्यांच्या दृष्टीनं संपलं होतं. मला माहीत होतं की संपलं नाही. साखरेचं पाणी थोडा वेळ पुरतं. शुगर ओढणारी गोळी पोटात दिवसभर असते, आणि सल्फानं ती अडवून धरलेली. शुगर पुन्हा उतरणार होती. काका म्हणत होते, "मी ठणठणीत आहे, दवाखाना-बिवाखाना काय नको." मी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एका गिऱ्हाइकावर ओरडलो.

रिक्षात ते माझ्या आणि काकूंच्या मध्ये बसले होते. उड्डाणपुलाच्या अलीकडे गाड्या अडकल्या होत्या. काका फॅक्टरीतल्या कुठल्या तरी फोरमनबद्दल सांगत होते आणि वाक्याच्या मध्येच त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोप लागली असं काकूंना वाटलं. त्या म्हणाल्या, "दमले." मी त्यांच्या कपाळाला हात लावला. पुन्हा ओलं. तिथून हॉस्पिटलच्या दारापर्यंतचा रस्ता मला आजही तसाच लांब वाटतो. मी अजूनही त्या रस्त्यानं जायचं टाळतो.

त्यांना सलाइनमधून साखर सुरू झाली. रक्त तपासलं, पोटॅशियमही चढलेलं निघालं. तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

काकू म्हणाल्या, "ह्याला विचारा. ह्याला सगळं माहीत आहे."

मी एकेक नाव सांगत गेलो. सल्फाच्या गोळीचं नाव आल्यावर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं. "ही? ह्या सगळ्यांबरोबर? कुणी दिली?"

"कात्रपच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य तेच आहे. त्या डॉक्टरांना काकांच्या बाकीच्या गोळ्या माहीत नव्हत्या, कारण त्यांना कुणी सांगितल्याच नव्हत्या. मला माहीत होत्या. त्या मीच दर महिन्याला कापून देत होतो.

काका वाचले. घरी आले. गणपतीत काकूंनी मंडपात सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, "विनायक होता म्हणून आज हे आहेत. नाहीतर मी बीपीची गोळी देऊन बसले असते." लोकांनी माझा हात हातात घेतला. एका आजोबांनी पाठ थोपटली. काकूंनी प्रसादाचं ताट पुढे केलं आणि मी मोदक उचलला. मी काही बोललो नाही. मोदक खाल्ला.

त्यानंतर ती भीती आली. कात्री हातात घेतली की ती यायची. कुणी पट्टीचा तुकडा दाखवला, की हा माणूस आणखी काय घेत असेल, घरी त्याचे हात कापत असतील की नसतील, असं मनात येऊ लागायचं. म्हणून मी एक पद्धत सुरू केली. बीपी-शुगरवाल्याला सांगायचं, "डबा घेऊन या." घरात गोळ्या ज्या डब्यात ठेवतात तो अख्खा डबा. तो काउंटरवर उपडा करायचा आणि एकेक पट्टी बघायची. मसाल्याच्या डब्यांपासून बिस्किटांच्या पुड्यांपर्यंत कशाकशातून काय काय निघालं. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या, दोन्ही चालू. शेजाऱ्यानं दिलेली गुडघ्याची गोळी. गावच्या भावानं पाठवलेली शुगरची पुडी. जगताप काकूंनी घरचा डबा आणला, त्याबरोबर तर मिठाची पिशवी आली. "हे बीपीला चांगलं म्हणून आणलं," त्या म्हणाल्या. सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं मीठ. काकांचं पोटॅशियम चढलं त्यात याचाही वाटा असणार. मी त्यांना ते बंद करायला सांगितलं.

पण भीती मापात राहत नाही. मी ती गिऱ्हाइकांना वाटत सुटलो. प्रत्येकाला सांगायचो, ही गोळी हिच्याशी भांडते, ती तिच्याशी भांडते. एक दिवस काकूच पायरी चढताना भिंतीला धरून उभ्या राहिल्या. डोकं गरगरतंय म्हणाल्या. बीपीची गोळी त्यांनाही चालू होती. मी बीपी मोजलं. फार वर होतं.

"गोळी घेता ना?"

"बंद केली महिन्याभरापासून. तू म्हणतोस गोळ्या एकमेकींशी भांडतात. म्हटलं, भांडणच नको घरात."

मला उल्हासनगरचे शेठ आठवले. डरा हुआ आदमी दवाई छोड़ देता है. गप्प राहून मी नवऱ्याला मरणाच्या दारात नेलं होतं आणि बोलून बायकोला. त्या दिवशी काकूंना डॉक्टरांकडे पोचवून, त्यांची गोळी पुन्हा सुरू करून, मी घरी गेलो आणि ठरवलं की काकांना खरं सांगायचं. मी त्यांना वाचवलं, या समजुतीवर ते दोघं माझा प्रत्येक शब्द मानत होते, मूर्खपणाचासुद्धा.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. काका वर्तमानपत्र बघत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चिठ्ठी, फोन, मालवाला, 'चालेल', आणि हॉस्पिटलमधलं वाक्य. काकू दारात येऊन ऐकत होत्या.

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. घडीची कड अंगठ्यानं नीट दाबली.

"त्या दिवशी दुकानात गर्दी होती?"

"होती. पण एवढी नव्हती, काका."

त्यांनी घडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माझ्या हातून जॉब बिघडायचा. कुणाच्या नाही बिघडत? पण बिघडलेला जॉब मी भंगारात ढकलला नाही कधी. साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवायचो. त्याच दिवशी." ते उठले. "तू मोदक खाल्लास, विनायक."

आणि आत निघून गेले. काकूंनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांनी कधी असं केलं नव्हतं.

जगताप माझ्याकडे यायचे बंद झाले. काका सकाळी फिरायला जाताना दुकानाच्या पलीकडच्या बाजूनं जायचे. खरवईकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नवीन मेडिकल झालं आहे, तिथून औषधं नेतात असं कळलं. मला राग यायचा काही अधिकार नव्हता आणि आलाही नाही. भीती मात्र दुपटीनं वाढली. काकांचा डबा जगात फक्त मी पाहिला होता. त्या नव्या दुकानात ते काय म्हणणार हे मला पाठ होतं. 'बीपी-शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये आहे. चालेल ना?'

शेवटी एका दुपारी मी तिथे गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, फार्मसी शिकलेली, दुकान तिचंच. मी ओळख सांगितली.

"गिऱ्हाईक परत मागायला आलात की काय?" ती हसत म्हणाली.

"नाही. त्यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत ते सांगायला आलोय. आणि कुठली देऊ नका ते."

मी सांगितलं. मी स्वतः काय केलं होतं तेही सांगितलं, कारण ते टाळून बाकीचं सांगता येत नव्हतं. तिचं हसू हळूहळू गेलं. ती मागे वळली आणि आपल्या फळीकडे बघू लागली. सल्फाची डबी तिथेच होती, झाकण उघडं, दोन पट्ट्या कमी.

"परवा एका काकींना दिली मी," ती म्हणाली. "त्यांना काही चालू आहे का, मी विचारलं नाही."

"घर माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग जा ना. मी थांबतो इथे."

ती चप्पल घालून निघाली. मी दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या काउंटरमागे उभा राहून रस्त्याकडे बघत राहिलो. ती परत आली ती धापा टाकत. त्या काकींना दुसरी कुठलीच गोळी चालू नव्हती. ती स्टुलावर बसली.

यंदा, पाऊस सरता सरता, जगताप काका माझ्या पायरीवर उभे राहिले. थोडे वाळले आहेत. हातात डबा होता, फॅक्टरीतल्या निरोपसमारंभात मिळालेला स्टीलचा. त्यांनी तो काचेवर ठेवला आणि वर एक चिठ्ठी.

"पावसानं पायाच्या बोटांत बुरशी झालीय. कात्रपच्या डॉक्टरांनी गोळी दिली. तिकडच्या पोरीला विचारलं चालेल का, तर ती चालेल म्हणेना. म्हणाली, तुमचा डबा ज्यांनी पाहिलाय त्यांच्याकडे जा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते डब्याकडे बघत होते. "म्हणून आलो."

"बसा काका."

ते स्टुलावर बसले. बुरशीची गोळी होती, तीही शुगरच्या त्या गोळीला शरीरात अडवून धरणारी. निदान मला तसं वाटत होतं. खात्री करायची होती. मी अंबरनाथच्या डॉक्टरांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तोवर दुकानात माणसं जमली. एक जण पुढे सरकून, हातातली पट्टी नाचवत म्हणाला, "ओ मेडिकलवाले, बीपीच्या गोळीवर हे चालतं ना? रिक्षा थांबलीय."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी काका बोलले, स्टुलावरूनच.

"थांब जरा. बघतोय तो."

मी काकांचा डबा काचेवर उपडा केला आणि पहिली पट्टी उचलली. माझे हात कापत होते. मी ते कापू दिले.